खुडूक कोंबडीचे एकवीस दिवस

पुण्यात गुलटेकडीला मार्केट यार्ड आहे. तुम्ही पहाटे साखरझोपेत असता, तेव्हा तिथे दिवस सुरू झालेला असतो. मालाने भरलेले ट्रक आणि टेंपो रांगेने उभे असतात. एका भागात फळे, भाजीपाला आणि कांदा-बटाटा, दुसरीकडे फुलांचा बाजार, आणि भुसार विभागात गहू, तांदूळ, डाळी, गूळ, मसाले. हमाल पाठीवर पोती घेऊन ये-जा करत असतात. पोत्याला आकडा लागला की चार दाणे सांडतातच. त्या दाण्यांवर चिमण्या येतात, कबुतरे येतात, रात्री उंदीर येतात. आणि यार्डाच्या कडेला ज्यांची घरे असतात, त्यांच्या दोन-चार कोंबड्याही त्याच दाण्यांवर वाढतात.

आमचे घर असेच कडेला होते. अब्बा भुसार बाजारात हमाली करत. नानी आमच्याजवळ राहत असे. घरामागे दहा-बारा फुटांची मोकळी जागा होती. तिथे नानीचे खुराडे होते. खुराड्यात चार कोंबड्या आणि एक कोंबडा. अंड्यांचे पैसे नानी एका डब्यात टाकी. त्या डब्यातून माझ्या वह्या येत, कधी अम्मीचे औषध येई. म्हणून घरात कोंबड्यांना फार मान होता.

1999 सालची ही गोष्ट. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. मे महिन्याची सुट्टी लागली होती. नानीची तांबडी कोंबडी खुडूक बसली. खुडूक म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. उर्दूत आपण तिला कुडक मुर्गी म्हणतो. शब्द जवळजवळ एकच आहे. खुडूक कोंबडी अंडी देणे थांबवते. ती एका जागी अंग फुगवून बसते. जवळ गेलात तर गुरगुरल्यासारखा आवाज करते, टोचतेही. तिला आता अंडी उबवायची असतात.

नानीने तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. देशी कोंबडीच्या पोटाखाली दहा-बारा अंडी नीट मावतात. जास्त ठेवली तर कडेची अंडी थंड पडतात. अंड्यातून पिलू बाहेर यायला एकवीस दिवस लागतात. मी भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढत होते. अठरा रेघा झाल्या. एकोणिसाव्या सकाळी नानीच्या ओरडण्याने मी जागी झाले.

खुराड्याचे दार बंद होते. दाराला लावलेली वीट जागेवर होती. पण कोंबडी आत कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. तिच्या पायाला चावा होता, शेपटीची पिसे उपटलेली होती. अकरापैकी सात अंडी नव्हती. उरलेली चार बर्फासारखी गार पडली होती.

शेजारी एक मावशी राहत. त्यांच्याकडे एक जाडजूड काळा बोका होता. तो रोज आमच्या भिंतीवर बसून कोंबड्यांकडे बघत असे. मी सरळ त्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, "मावशी, तुमच्या बोक्याने आमची अंडी खाल्ली!" मावशी भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, माझा बोका रात्रभर माझ्या पायाशी होता. आणि बोका सात अंडी खाऊन टरफलं पण गिळतो का?" मी ऐकले नाही. मोठ्या माणसांचेही शब्दाला शब्द लागले. त्या दिवसापासून दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. साखर-चहापत्तीची देवाण-घेवाण थांबली.

मावशींचा प्रश्न मात्र बरोबर होता. टरफले कुठे होती?

ते पुढे सांगते. आधी एक गोष्ट समजून घेऊ. खुडूक कोंबडीच का सापडते? बाकीच्या तीन कोंबड्यांना तर ओरखडाही आला नव्हता.

आपल्या कोंबड्यांचे पूर्वज म्हणजे जंगलातली तांबडी रानकोंबडी. ती पालापाचोळ्यात, जमिनीवरच घरटे करते. तिचा रंग वाळलेल्या पानांसारखा असतो. शत्रू आला तरी ती हलत नाही. न हलणे हेच तिचे संरक्षण असते, कारण जंगलात स्थिर बसलेली तपकिरी कोंबडी दिसतच नाही. हीच सवय आपल्या खुडूक कोंबडीच्या रक्तात उतरली आहे. पण आपल्या परसात पालापाचोळा नसतो. तिथे ती उघड्यावर बसलेली असते आणि तरीही हलत नाही. इतर कोंबड्या धोका दिसताच उडून छपरावर जातात. ही मात्र अंड्यांना चिकटून बसते. त्यातच कोंबडीला अंधारात फारच कमी दिसते. म्हणजे रात्री ती आंधळी आणि बांधलेली, अशी दोन्ही असते. जंगलात जे शहाणपण होते, ते आपल्या घरामागे येऊन तिच्या जिवावर उठते.

दिवसातून एकदा ती घरट्यावरून उठते. दाणे खाते, पाणी पिते, विष्ठा टाकते, मातीत लोळते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येऊन बसते. तेवढ्या वेळात अंडी उघडी असतात. कावळ्याला ही वेळ बरोबर ठाऊक असते.

आता चोरांची ओळख करून घेऊ. प्रत्येक चोराची हाताची, म्हणजे दाताची, खूण वेगळी असते. ती ओळखता आली तर पैसे वाचतात. नाही तर आपण घारीसाठी वर जाळी बांधतो आणि चोर खालून येतो.

कावळा दिवसा येतो. तो अंड्याला चोचीने भोक पाडतो किंवा अंडे उचलून नेतो, आणि टरफल कुठेतरी लांब छपरावर सापडते. मांजर अंड्याच्या वाटेला सहसा जात नाही. तिला पिलू हवे असते. ती एक पिलू उचलते आणि आवाज न करता निघून जाते. कुत्रा आला तर लपत नाही. खुराडे मोडलेले असते, पिसे सगळीकडे उडालेली असतात. मुंगूस, म्हणजे आपला नेवला, अंड्याचे एक टोक फोडून आतले चाटून खातो. मोठी कोंबडी असेल तर तो मान धरतो. साप अंडे अख्खे गिळतो. त्यामुळे अंडी कमी होतात, पण टरफल, ओल, पिसे यांपैकी काहीच मागे राहत नाही.

आणि कधी कधी चोर घरातलाच असतो. घरट्यात बलकाची ओल आहे, टरफलाचे तुकडे आहेत आणि बाहेरून कोणी आल्याची खूण नाही, तर एखाद्या कोंबडीला अंडी खायची सवय लागली आहे, असे समजावे. अशा वेळी जगातली कोणतीही जाळी उपयोगाची नाही. तिला वेगळे ठेवावे लागते.

आमच्या घरी यांपैकी कोणीच आलेले नव्हते.

दोन आठवडे गेले. अब्बांनी खुराड्यामागे फळांच्या रिकाम्या पेट्या रचून ठेवल्या होत्या. त्या हलवताना खाली मातीचा ताजा ढीग दिसला. ढिगाशेजारी वीतभर रुंदीचे बीळ होते. बिळाच्या तोंडाशी अंड्यांची टरफले पडली होती. अब्बांनी काठी आत घातली. काठी खुराड्याच्या दिशेने आत आत जात राहिली. अब्बा एवढेच म्हणाले, "घूस."

हिंदी-उर्दूत घूस म्हटले की आपल्याला आधी रिश्वत आठवते. मराठीत रिश्वतीला लाच म्हणतात. मराठीतली घूस म्हणजे उंदरासारखाच, पण फार मोठा, राकट केसांचा प्राणी. मोठ्या घुशीचे वजन एक किलोच्या आसपास जाऊ शकते. इंग्रजीत तिला बँडिकूट म्हणतात. हा शब्द तेलुगूतून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'डुक्कर-उंदीर' असा आहे. चिडली की ती खरोखरच डुकरासारखी गुरगुरते. जिथे धान्य आणि कचरा, तिथे घूस. ती भिंतीवर चढायच्या भानगडीत पडत नाही. ती खणते. आमच्या खुराड्याला विटांच्या भिंती होत्या, वर पत्रा होता, दाराला वीट होती. जमीन मात्र नुसती मातीची होती. चोराने दाराकडे पाहिलेसुद्धा नाही. तो खालून आला, अंडी ढकलत बिळात नेली आणि निघून गेला. सात अंड्यांत वाढ झालेली पिले होती. तीन दिवसांत ती चिवचिवली असती.

अब्बा त्याच संध्याकाळी मावशींच्या दारात गेले. मीही मागे उभी होते. अब्बा म्हणाले, "वहिनी, चूक आमची झाली. घूस होती." मावशींनी आधी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "दादा, घूस आमच्या पण मोरीत येते. चहा टाकते, बसा." मी मान वर केली नाही.

नानीने पुन्हा कोंबडी बसवायचे ठरवले, पण लगेच नाही. मे महिन्यात कोंबडी बसवणे हीच मुळात आमची घाई होती. अंड्यांना सुमारे साडेसदतीस अंश सेल्सिअस ऊब लागते, पण पुण्याच्या उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली त्याहून जास्त तापते. कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते आणि घरटे सोडून उठते. थंडीचे दिवस चांगले. मधल्या पाच महिन्यांत अब्बांनी जागा तयार केली. घरात पैसे नव्हते. पण मार्केट यार्डात राहणाऱ्या माणसाला एक सोय असते. लोक जे फेकून देतात, त्यात सगळे सामान असते.

कोकणातून हापूस आंबा तेव्हा लाकडी पेट्यांतून येत असे. पेटीत भाताचा पेंढा भरलेला असे. हंगाम संपला की मोडक्या पेट्या ढिगाने पडत. आता बराच आंबा पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतो, पण लाकडी फळ्या आणि पेंढा शोधला तर अजूनही मिळतो. अब्बांनी दोन पेट्यांच्या फळ्या काढून एक पेटी केली. लांबी-रुंदी दीड-दीड फूट, उंची सव्वा फूट. एवढ्यात कोंबडी आरामात वळते, पण दुसरी कोंबडी शेजारी येऊन बसू शकत नाही. दुसरी कोंबडी येऊन बसली की भांडण होते आणि अंडी फुटतात.

किराणा दुकानदारांकडून तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे मिळाले. ते कापून आणि ठोकून सपाट केले. एक पत्रा पेटीच्या छपरावर गेला. उरलेले पत्रे तळाला बाहेरून ठोकले. उंदीर-घुशी लाकूड कुरतडतात, पत्र्यावर त्यांचे दात चालत नाहीत. पत्रा कापताना कडा फार धारदार होतात, म्हणून ते काम मोठ्या माणसांनी करावे आणि कडा ठोकून आत वळवाव्यात. माझ्या बोटावर अजून एक खूण आहे.

समोरच्या बाजूला जाळी लागणार होती. इथे बरेच लोक फसतात, म्हणून जरा थांबून सांगते. दुकानात स्वस्त, षटकोनी घरांची मऊ जाळी मिळते. तिला मुर्गा जाळी म्हणतात. नावावरून वाटते, हीच घ्यावी. ती जाळी कोंबडीला आत ठेवण्यासाठी आहे, शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो. मुंगूस तिच्या मोठ्या घरांतून आत येऊ शकतो. मांजर पंजा घालून पिलू ओढते. रात्रीच्या जागेला अर्धा इंची घरांची, वेल्डिंग केलेली कडक जाळी हवी. ती महाग असते, पण ती सगळीकडे लागत नाही. पेटीच्या तोंडाला दीड फुटाचा तुकडा पुरतो. दिवसाच्या मोकळ्या जागेला मुर्गा जाळी चालेल. आमच्या पेटीची जाळी अब्बांनी जुन्या बाजारातून, भंगारातून आणली. ती थोडी गंजलेली होती, पण घट्ट होती. जाळी फळीवर खिळे वाकवून लावली आणि वरून लाकडी पट्टी ठोकली. नुसत्या खिळ्यांवर लावलेली जाळी एका कोपऱ्यातून उचकटली जाते.

दाराला वीट लावणे आता बंद झाले. वीट ढकलता येते. कडी-कोयंडा बसवला आणि कड्यात तारेचा आकडा अडकवला. घरातल्या लहान मुलाला जी कडी सहज उघडता येते, ती कुत्र्यालाही धडका देऊन उघडता येते, असे अब्बा म्हणत. रोख पैसे फक्त या दोन गोष्टींवर गेले, जाळी आणि कडी.

ही पेटी जमिनीवर ठेवली नाही. विटांचे चार खांब रचून गुडघ्याइतक्या उंचीवर ठेवली. घुशीचा प्रश्न इथेच निम्मा सुटला. जिथे खणायचे, तिथे वर काही नाही. साधा उंदीर मात्र विटांवर चढतो, म्हणून खांबांना पत्र्याच्या गुळगुळीत पट्ट्या गुंडाळल्या. पेटी भिंतीपासून हातभर लांब ठेवायची, नाही तर उंदीर भिंतीवरून उडी मारतो.

उरले मोठे खुराडे. ते तर उचलता येत नव्हते. पुण्यात जुन्या घरांतून शहाबादी फरशी निघते आणि तिचे तुकडे रस्त्याच्या कडेला पडलेले असतात. असे तुकडे आणून खुराड्याची जमीन झाकली. सांध्यांत विटांचा चुरा आणि थोडे सिमेंट भरले. आणि बाहेरून भिंतीच्या पायथ्याशी एक फूट रुंदीची जाळीची पट्टी जमिनीवर आडवी पसरली, वर दगड आणि माती टाकली. ही युक्ती फार साधी आहे. खणणारा प्राणी नेहमी भिंतीच्या अगदी मुळाशी खणायला लागतो. तिथे नखांना जाळी लागते. तो इकडे तिकडे सरकून पाहतो, तिथेही जाळी. एक फूट मागे जाऊन तिथून खणायला सुरुवात करावी, एवढा विचार तो करत नाही. खोल चर खणून जाळी पुरण्यापेक्षा हे काम निम्म्या कष्टात होते.

जुने बीळ बुजवायचे होते. शेजारचे कोणी म्हणाले, औषध टाका. नानीने साफ नकार दिला, आणि तिचे बरोबर होते. उंदराचे विष कोंबडीलाही मारते. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो बाहेर भटकतो, मग त्याला मांजर खाते, घुबड खाते, आणि तेही मरतात. गव्हाणी घुबड रात्री उंदरांवरच जगते. म्हणजे विष टाकून आपण आपला बिनपगारी रखवालदार मारतो. बिळात विटांचे तुकडे आणि फुटक्या काचा ठोकून भरल्या, पिंजरा लावला, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे रात्री दाणे बाहेर ठेवणे बंद केले. संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या की उरलेले दाणे झाडून डब्यात भरायचे, हे काम माझ्याकडे आले.

मुंगूस आणि साप यांच्याबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. त्यांना मारणे, पकडणे, विकणे हा गुन्हा आहे. चित्रकलेचे काही ब्रश मुंगसाच्या केसांपासून बनवले जात, तो व्यापारसुद्धा या कायद्याने गुन्हाच ठरतो. आणि दोघेही उंदीर खातात. घरट्यात साप दिसला तर काठी शोधू नका. मागे सरा, लहान मुलांना दूर न्या आणि सर्पमित्राला बोलवा. संध्याकाळनंतर घरट्यात हात घालायचा असेल तर आधी विजेरीचा प्रकाश टाकून पाहा. एवढी एक सवय लावून घेतलीत तरी पुरे.

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तांबडी पुन्हा खुडूक बसली. तिच्या पायाची जखम भरली होती, पण ती थोडी लंगडत होती. तिला नव्या पेटीत न्यायचे कसे, हा प्रश्न होता. खुडूक कोंबडीला दिवसा हलवले तर ती रागावते आणि जुन्या जागी पळून जाते. नानीने रात्रीची वाट पाहिली. पेटीत तळाला चुलीची राख पसरली, त्यामुळे उवा-पिसवा कमी होतात. वर पेंढ्याचा थर देऊन मध्ये खळगा केला. खळग्यात आधी दोन जुनी अंडी ठेवली. काळोखात कोंबडीला दोन्ही हातांनी अलगद उचलून आत बसवले आणि समोर गोणपाट टाकले. सकाळी ती शांत बसलेली होती. दोन दिवस ती तशीच टिकली, तेव्हा जुनी अंडी काढून चांगली दहा अंडी ठेवली. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने फुली केली. दुसऱ्या कोंबडीने येऊन अंडे दिले, तर ते बिनफुलीचे अंडे काढता येते.

गोणपाटाने हवा बंद होता कामा नये. वरची चार बोटे जागा उघडी ठेवायची. बंद पेटीत कोंबडी घुसमटते.

रोज सकाळी मी दार उघडत असे आणि ती जेवून परत येईपर्यंत समोर बसत असे. कावळ्यासाठी आम्ही काही केले नाही, फक्त मी बसत होते. शाळेची वेळ झाली की नानी बसे. ज्यांच्या घरी बसायला कोणी नाही, त्यांनी त्या वीस मिनिटांसाठी अंड्यांवर पेंढा पसरून पेटीचे तोंड गोणपाटाने झाकावे आणि दाणा-पाणी अगदी जवळ ठेवावे. ती जितकी लांब जाईल तितका वेळ अंडी उघडी. ती परत आली की गोणपाट बाजूला करायला मात्र विसरू नये. कोंबडीला, अंड्यांना हात लावल्यावर हात साबणाने धुवायचे, हे अम्मी दारातून ओरडून सांगत असे.

सातव्या रात्री नानीने विजेरीसमोर एकेक अंडे धरून पाहिले. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर पिलू वाढते आहे. आठ अंड्यांत दिसले. दोन स्वच्छ, पिवळी दिसली, ती काढून टाकली. ती तशीच राहिली असती तर सडली असती, आणि सडक्या अंड्याचा वास दुरून पाहुणे बोलावतो.

पेटीभोवती नानी रोज संध्याकाळी चाळलेली राख पसरत असे. सकाळी राखेवर ठसे दिसत. मांजराचा ठसा गोल, त्यात नखे दिसत नाहीत, कारण चालताना मांजर नखे आत घेते. कुत्र्याच्या ठशात नखे दिसतात. उंदीर आणि घूस यांच्या पुढच्या पायाला चार बोटे, मागच्या पायाला पाच. मागच्या वर्षी माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीने असाच राखेचा फोटो मोबाइलवर काढून आणला होता. तिच्या घरी चाळीस दिवसांत दोनदा अंडी गेली होती आणि घरचे शेजारच्या कुत्र्याला दोष देत होते. फोटोत पुढे चार, मागे पाच बोटे होती. मी तिला म्हणाले, "शेजाऱ्यांशी भांडू नका. आधी जमीन पाहा."

आमच्या राखेत चौदाव्या रात्री तेच ठसे उमटले. घूस परत आली होती. ती चारही खांबांना फेरी मारून, एका ठिकाणी थोडी माती उकरून गेली होती. नानी ती उकरलेली माती बराच वेळ बघत राहिली. त्या रात्री ती पेटीजवळच खाट टाकून झोपली.

विसाव्या दिवशी अंड्यांतून टकटक ऐकू आली. एकविसाव्या सकाळी तांबडीच्या पंखाखालून एक पिवळे डोके बाहेर आले. आठपैकी सात पिले निघाली. पहिला एक दिवस पिलांना दाणा लागत नाही, कारण अंड्यातला उरलेला बलक त्यांच्या पोटात असतो. तेव्हा घाईने त्यांना बाहेर काढू नये.

पिले बाहेर आली की वरून धोका सुरू होतो. घार आणि कावळा दीड-दोन महिने पाठ सोडत नाहीत. पिलांसाठी बांबूचे डालगे उत्तम. दुपारी आईसह पिले डालग्याखाली झाकायची आणि वर एक दगड ठेवायचा. मोकळ्या जागेवर आम्ही हातभर अंतराने उभी-आडवी सुतळी ताणली होती. घारीला झेप घेताना पंख पसरायला जागा लागते. सुतळीत ती अडकेल या भीतीने खाली येत नाही. चकचकीत कागद टांगणे मात्र कावळ्यापुढे चालत नाही, दोन-तीन दिवसांत तो सगळे ओळखतो. आणि खुराड्यात कोंबडा असेल तर त्याच्याकडे कान द्या. शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे, की कोंबडे आकाशातल्या शत्रूसाठी एक आवाज काढतात आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी दुसरा. घार दिसली तर लांब, बारीक किंकाळी. कुत्रा-मांजर दिसले तर तुटक, भराभर कट्-कट्-कटाक. नानीने शास्त्र वाचले नव्हते, पण चुलीपाशी बसून ती सांगे, "वर बघा," किंवा "दाराकडे बघा."

आणखी एक सांगायचे राहिले. सगळ्याच कोंबड्या खुडूक बसत नाहीत. जास्त अंड्यांसाठी तयार केलेल्या सुधारित जातींमध्ये ही सवय जवळजवळ गेलेली असते. पिले हवी असतील तर देशी कोंबडीच बसवावी लागते. असील जातीची कोंबडी यात नावाजलेली आहे, ती अंड्यांसाठी मांजरावरही धावून जाते. असील हा आपला उर्दूतला शब्द, अस्सल, खानदानी या अर्थाचा. ज्यांच्याकडे खुडूक कोंबडी नाही, ते एक दिवसाची पिले विकत आणतात. पुण्यात खडकीला सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथे हेच एकवीस दिवस यंत्रात जातात. यंत्राला घूस चावत नाही, पण वीज गेली तर त्यालाही धाप लागते.

आमच्या सात पिलांपैकी पाच मोठी झाली. एक आजाराने गेले, एक कावळ्याने नेले, तेव्हा मी समोरच बसले होते. दोन महिन्यांनी नानीने एक तांबडी तलंग निवडली, तिचे पाय सुतळीने सैल बांधले आणि माझ्या हातात दिली. मी ती घेऊन शेजारी गेले. मावशी म्हणाल्या, "हिला ठेवू कुठे? बोका आहे ना घरात." मग अब्बांनी आंब्याच्या उरलेल्या फळ्या काढल्या.